धाकट्या जावेची पुटकुळी

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईचं एक दुखणं असतं, ते बाहेरच्यांना कळत नाही. गिऱ्हाईक नवा चष्मा डोळ्यांवर चढवतं तेव्हा त्याला सगळ्यात आधी स्वच्छ दिसतो तो तिचाच चेहरा. तीच समोर उभी असते ना! दांड्या कानामागे बसवायला, नाकावरचे पॅड चिमटीने जुळवायला, अगदी वीतभर अंतरावर. इतके दिवस धुक्यात चाचपडलेलं गिऱ्हाईक एकदम खुलतं, "अरे वा, काय लख्ख दिसतंय!" म्हणतं, आणि मग त्याची नजर घसरते. आधी तिच्या गालावर, मग जबड्यावर, मग हनुवटीवर. पुढच्या क्षणाला ते घाईघाईने भिंतीवरची अक्षरं वाचायला लागतं.

ही आपल्या मोठीची रोजची परीक्षा. घरातली थोरली सून म्हणून ती मोठी, आणि दुकानातही तेच नाव चिकटलेलं. वय पस्तिशीला टेकलेलं, आणि चेहऱ्यावर मुरमं अशी की कॉलेजातल्या पोरीनेही 'बिच्चारी' म्हणावं. कपाळ तसं साफ. पण गालांच्या खालच्या अंगाला, जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर लाल, ठणकणाऱ्या गाठी. एक बसते न बसते तोच दुसरी डोकं वर काढायची. एकदा एका आजोबांनी नवा चष्मा लावून तिच्याकडे बघितलं आणि कळवळून विचारलं, "पोरी, कांजिण्या कधी झाल्या गं तुला?" मोठी म्हणाली, "एवढं दिसलं ना आजोबा? मग चष्मा अगदी बरोबर बसलाय." सगळं दुकान हसलं, तीही हसली. मग मागच्या खोलीत गेली, ती पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत बाहेर आली नाही.

बाई तोंडाने तिखट, हाताने हुशार. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या नाकाकडे बघून कोणती फ्रेम बसेल हे ती मनात ठरवून टाकायची. 'चष्मा नको' म्हणून हटून बसलेली माणसं तिच्या हातून दोन दोन चष्मे घेऊन जायची. पुढचं काउंटर तिचं होतं, आणि आयुष्यात मनासारखी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट तिच्याकडे होती. मूल नव्हतं. लग्नाला कितीतरी वर्षं झालेली. कोणी विचारलं की ती म्हणायची, "आम्हाला घाई नाही." हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं की शेवटी विचारणारेच थकले. सासूबाईंनीही विषय सोडला, आणि तो सोडला हेच मोठीला जास्त लागलं.

तर अशा या काउंटरवर तिने स्वतःच्या हाताने आपल्या धाकट्या जावेला आणून उभं केलं. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. धाकटी लग्न होऊन घरात आली, दिवसभर घरात बसून कंटाळली, आणि एक दिवस लाडात येऊन म्हणाली, "ताई, मला पण न्या ना तुमच्या दुकानात." सासूबाई म्हणाल्या ने, दीर म्हणाला न्या वहिनी, मोठीचा नवरा म्हणाला तेवढीच तुला सोबत. सगळ्यांना सोबतीचं कौतुक. नेलं बाई.

धाकटीच्या चेहऱ्याबद्दल काय सांगावं! डाग नाही, खळगा नाही, साधं टाचणीच्या टोकाएवढं काही नाही. बरं, त्यासाठी तिने काही करावं? छे! तोंडाला साबण कोणता, तर हाताला येईल तो. तळलेलं खायची, गोड खायची, रात्री तोंड न धुता तशीच झोपायची, आणि सकाळी उठायची ती ताजी टवटवीत. मोठी मात्र तळण सोडून, गोड सोडून, उकडलेल्या भाज्या गिळून सकाळी आरशात बघायची तर नवी गाठ हजर. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा तिच्या. त्यात धाकटी स्वभावाने चांगली, हा आणखी वैताग. वाईट असती तर निदान मनसोक्त भांडता तरी आलं असतं.

दुकानात तर बघायलाच नको. नवा चष्मा लावून गिऱ्हाईक धाकटीकडे बघायचं, आणि बघतच राहायचं. भिंतीवरच्या अक्षरांची कोणाला आठवणही व्हायची नाही. एक बाई तर चक्क म्हणाल्या, "या पोरीकडूनच बसवून घेते मी चष्मा, हिच्याकडे बघून डोळे निवतात." मोठी तेव्हा शेजारीच उभी होती, हातात त्याच बाईंची फ्रेम घेऊन. तिने ती फ्रेम धाकटीच्या हातात दिली, आणि इतक्या जोरात दिली की दांडीचा स्क्रू निघून खाली पडला.

मग मालकीणबाईंनी एके दिवशी तिला बाजूला घेतलं. "मोठे, राग मानू नकोस हं. नवा माल येतोय, दुकानाचं तोंडच बदलायचं म्हणतेय मी. पुढच्या महिन्यापासून काउंटरवर धाकटीला राहू दे का? तू मागे काच घासायच्या मशीनवर बस. तुझा हात चांगला आहे."

हात चांगला आहे! म्हणजे तोंड चांगलं नाही, हे न कळायला मोठी काही कुक्कुलं बाळ नव्हती. मागची खोली तिला ठाऊक होती. एक मशीन, पाण्याची बारीक धार, काचेचा चिखल आणि एक ट्यूबलाइट. दिवसभर तिथे माणसाचं तोंड दिसत नाही, आणि आपलं कोणाला दाखवायची पाळी येत नाही.

"महिनाभर थांबा," ती म्हणाली. "चेहरा साफ करून दाखवते. नाही झाला तर मी आपल्या पायांनी मागे जाईन."

बोलून तर बसली. आता चेहरा साफ करायचा कसा? सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारीण म्हणाली पोट साफ नाही तुझं. नणंद म्हणाली रक्त बिघडलंय. मैत्रीण म्हणाली लग्नानंतर जातात, आणि मग जीभ चावून गप्प बसली. नवरा म्हणाला, "मला तर काहीच दिसत नाही तुझ्या चेहऱ्यावर." त्यावर मोठी म्हणाली, "मग उद्या दुकानात ये, चष्मा लावून देते."

शेवटी तिने आपलंच डोकं चालवलं. चष्म्याच्या काचेवर तेलकट बोट उमटलं की दुकानात काय करतात? स्पिरिटचा एक फवारा मारायचा आणि मऊ फडक्याने पुसून काढायचं. काच लख्ख. चेहऱ्यावरही तेलच ना ते? झालं! दुकानातली स्पिरिटची बाटली तिच्या पर्समधून घरी आली. सकाळी फवारा, दुपारी फवारा, झोपायच्या आधी फवारा, आणि वरून फडक्याने घास घास घासायचं. कातडी चरचरायची, लाल व्हायची, नाकाच्या कडेने पापुद्रे सुटायचे. तिला वाटायचं, भाजतंय म्हणजे काम करतंय. तासाभरात चेहरा पुन्हा तेलकट व्हायचा, आधीपेक्षा जास्त. मग आणखी फवारा. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

महिना पुढे सरकत होता आणि मुरमं हटायला तयार नव्हती. अशात सासूबाईंनी एक दिवस न्हाणीघरातल्या खुंट्यांवरचे टॉवेल इकडचे तिकडे केले. मोठीचा टॉवेल अगदी टोकाच्या खुंटीवर, एकटा. "तुझं तुला ठीक आहे गं," त्या म्हणाल्या, "पण धाकटीला लागायला नको."

हे ऐकून मोठीच्या काळजात चर्र झालं. आणि त्याच पाठोपाठ, अगदी त्याच दमात, तिच्या मनात आलं, 'लागतं होय? मग लागू दे की!'

वाईटच वागली ती. मी काही तिची वकिली करत नाही. पण हेव्याने पेटलेल्या माणसाला ज्याने कधी जवळून बघितलंय त्याला नवल वाटायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून मोठी सकाळी लवकर उठायची, तोंड धुवायची आणि धाकटीच्या टॉवेलने खसाखसा पुसायची. गाल, जबडा, हनुवटी, काही राहू द्यायची नाही. मग टॉवेल होता तसा घडी घालून खुंटीला लावायची आणि चहा टाकायला जायची. चहा धाकटीलाही द्यायची, वर आल्याचा तुकडा जास्त टाकून. दिवसभर तिची नजर धाकटीच्या चेहऱ्यावर. गिऱ्हाइकाला चष्मा लावतानाही एक डोळा तिकडेच. काही उगवतंय का? नाही. मेलीचा चेहरा आणखीच उजळल्यासारखा दिसायचा.

आणि मग एका सकाळी धाकटी स्वयंपाकघराच्या दारात आली ती हनुवटीवर हात ठेवून. "ताई, हे बघा ना काय झालंय."

मोठीने हात बाजूला केला. हनुवटीच्या बरोबर मध्यावर एक पुटकुळी. लालबुंद, टपोरी, देखणी! हो, मोठीला ती देखणीच वाटली. तिला इतका आनंद झाला की तो लपवायला तिने ओट्याकडे तोंड फिरवलं आणि स्वच्छ असलेलं भांडं पुन्हा घासायला घेतलं. "जाईल गं," ती म्हणाली, "एवढ्या एवढ्याशाने काय होतंय." मनात म्हणत होती, आता आणखी येऊ देत. गालावर येऊ देत. मालकीणबाई दुकानात यायच्या वेळेपर्यंत येऊ देत.

पण धाकटीने एका पुटकुळीचा भलताच धसका घेतला. "मला डॉक्टरकडे जायचंय. तुम्ही चला माझ्याबरोबर. घरात कोणाला सांगू नका."

"एका फोडासाठी डॉक्टर? माझ्याकडे बघ, मग मी काय दवाखान्यातच बिऱ्हाड करू?"

"चला ना ताई. तुम्हीच हव्यात मला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मोठीला तेव्हा पहिल्यांदा शंका आली. पोरीला खरंच काही लागलं असेल का आपलं? आनंद होता तो होताच, पण त्याच्या बुडाशी आता भीतीही बसली.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. बाई उंच, केस पिकलेले, बोलणं तुटक. धाकटीची हनुवटी दिव्याखाली धरून त्या बघत होत्या तोवर मोठीला राहवलं नाही. तिने विचारून टाकलं, "डॉक्टर, हे एकीचं दुसरीला लागतं का? म्हणजे... टॉवेलने वगैरे?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही. कातडीला बारीक छिद्रं असतात, त्यांच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथी. तेल सुटायलाच हवं, नाहीतर कातडी कोरडी पडेल. पण ते जास्त सुटलं आणि छिद्राच्या तोंडाशी मेलेली कातडी साचली, की तिथे बूच बसतं. आत तेल कोंडतं, त्यात जंतू वाढतात. ते जंतू माझ्याही तोंडावर आहेत, तुमच्याही. मग सूज येते, पू होतो. हे बाहेरून कोणी कोणाला देत नसतं. टॉवेल आपापला वापरावा, पण तो स्वच्छतेसाठी."

मोठीला सुटल्यासारखं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, एवढी मेहनत फुकट गेली असंही वाटलं.

"आणि ते पोट, रक्त?" तिने विचारलं.

"दोष पोटाचा नाही, रक्ताचा नाही, मळाचा तर मुळीच नाही. फार गोड खाऊन काहींचं वाढतं, सगळ्यांचं नाही. तेल किती सुटायचं ते शरीरातल्या हार्मोनवर ठरतं." डॉक्टरीणबाई धाकटीकडे वळल्या. "पाळी वेळेवर येते?"

धाकटीने मोठीकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"चुकलीय," ती म्हणाली. "घरी तपासलं मी. आहे." आणि मग डॉक्टरांना सोडून मोठीलाच सांगायला लागली, "अजून कोणालाच सांगितलं नाही, ताई. ह्यांनाही नाही. तुम्हाला आधी सांगायचं होतं. पण तोंडावर कसं सांगू ते कळेना. वाटलं, इथे डॉक्टर विचारतील, मग सांगितलं जाईल."

दिवस गेले होते धाकटीला. म्हणजे ती पुटकुळी त्याची होती. मोठीच्या टॉवेलची नव्हती, मोठीच्या शापाची नव्हती. पोटात जीव धरल्यावर अंगात जी उलथापालथ होते तिची ती खूण होती.

इतके महिने मोठीने धाकटीच्या साफ चेहऱ्याचा हेवा केला होता. आता ती त्या एका फोडाकडे बघत होती आणि तिला त्याचा असा काही हेवा वाटला की तिने नजर दुसरीकडे वळवली. ढीगभर मुरमं होती तिच्याकडे, पण एकही असल्या कारणाचं नव्हतं. हिला घरात येऊन वर्ष झालं नाही. हिला मागावंही लागलं नाही. 'अभिनंदन' हा शब्द तिने तोंडात दोनदा जुळवला, पण तो बाहेर आला नाही.

डॉक्टरीणबाईंनी धाकटीला एक सौम्य मलम लिहून दिलं. "पोटात बाळ असताना चालतं हे. बाकी कोणाचं ऐकून दुकानातून काही आणायचं नाही, मुरमांची काही औषधं बाळाला घातक असतात." मग त्यांनी दिवा मोठीकडे वळवला. "आणि तुम्ही काय करून घेतलंय हे? कातडी भाजलीय."

मोठीने स्पिरिटचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. "अहो, काच आहे का ती? तेल पुसून काढलंत की कातडी कोरडी पडते, तडकते, सूज वाढते. घासून मुरमं फुटतात आणि डाग पडतात. आजपासून बंद. साधा साबण, दिवसातून दोन वेळा, हलक्या हाताने." मग त्यांचं बोट तिच्या जबड्याच्या कडेवरून फिरलं. "सगळी खालच्या बाजूलाच आहेत. हनुवटीवर राठ केसही आहेत. तुमची पाळी?"

"दोन महिन्यांनी. कधी तीन."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"कोणाला दाखवलं नाहीत?"

"काय दाखवायचं? काही दुखत नव्हतं."

"तपासण्या केल्याशिवाय नक्की सांगत नाही. पण ही मुरमं, हे केस, ही लांबणारी पाळी, यांचं मूळ एकच असू शकतं. तुम्ही इतकी वर्षं चेहरा घासताय, आणि कारण असलं तर ते आत आहे." त्यांनी पेन उचललं. "उपचार आहे. आता मला एक सांगा, कारण त्यावर औषध ठरतं. मूल हवंय तुम्हाला?"

'आम्हाला घाई नाही' हे मोठीच्या जिभेवर तयारच होतं.

"हार्मोनच्या गोळ्यांनी चेहरा चांगला साफ होईल," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "त्याहून जोरकस औषधंही आहेत. पण ती घेत असताना दिवस राहत नाहीत, काहींत तर राहताच कामा नये. मूल हवं असेल तर वाट वेगळी. साधी मलमं लावायची, आणि पाळीसाठी बायकांच्या डॉक्टरकडे जायचं. उपचाराने बऱ्याच जणींना होतं मूल, पण मी वचन देत नाही. आणि चेहऱ्याला या वाटेने खूप वेळ लागेल, पूर्ण जाईलच असंही नाही."

"महिनाअखेरीपर्यंत?" मोठीने उगाच विचारलं.

"महिनाअखेरीपर्यंत काहीच नाही. लवकर म्हणजे तीन-चार महिने, तेही थोडा फरक."

काउंटर गेलं, हे मोठीला त्याच क्षणी कळलं. गोळ्या घेतल्या तर निदान मालकीणबाईंना सांगता येईल, थोडं थांबा, चेहरा साफ होतोय. मूल म्हटलं तर मागची खोली ठरलेली, आणि मुलाची खात्री नाहीच. शेजारच्या खुर्चीत धाकटी बसली होती, हनुवटीवर ती पुटकुळी घेऊन.

"हवंय," मोठी म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की बाहेर बाकावर बसलेल्यांनीही ऐकला असेल. "हिच्या आधीपासून हवंय. घाई नाही, घाई नाही म्हणून खोटं बोलत आले सगळ्यांशी. हिला मिळालं आणि मला संताप येतोय डॉक्टर, आत्ता इथे बसून येतोय. पण हवंय मला."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि लिहायला लागल्या. धाकटी मात्र हुंदके द्यायला लागली. "मी मालकीणबाईंना सांगते ताई, मला काउंटर नको..."

"खबरदार! भीक घालतेस होय मला? काउंटर तू घे. आणि एक खुर्ची मागून घे त्यांच्याकडून, उभ्याने पाय सुजतील तुझे." मोठीने पर्समधून रुमाल काढून तिच्याकडे टाकला. "आणि तू कशाला रडतेस गं? तू रडू नकोस. रडायचा हक्क माझा आहे."

आणि मग ती रडली, धाकटीसमोर पहिल्यांदाच, तोंडावर हातसुद्धा न घेता.